स्तन का दुखतात? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आपल्याकडे "छातीत दुखतंय" या दोन शब्दांत हृदयापासून बरगडीपर्यंत सगळं मावतं, आणि स्तन दुखत असले तरी आपण तेच म्हणतो कारण दुसरा शब्द तोंडातून निघत नाही. मी पण तेच केलं. ४ महिने अंगावर काढलं, रात्री उठून हात लावून बघायचे, गुपचूप मोबाईलवर वाचायचे आणि अजून घाबरायचे. शेवटी दाखवलं तेव्हा कळलं की दुखणं स्तनात नव्हतंच, त्याच्या मागच्या बरगडीच्या सांध्यात होतं. त्या ४ महिन्यांत मला जे प्रश्न पडले आणि नंतर मैत्रिणींनी, बहिणींनी जे विचारले ते सगळे इथे एकत्र लिहितेय. हे वाचून तपासणी टाळू नका, पण घाबरून झोप उडाली असेल तर आधी हे वाचा.

स्तन दुखतोय म्हणजे कॅन्सर असेल का?

सगळ्यात आधी हाच प्रश्न येतो म्हणून आधी याचंच उत्तर. नुसतं दुखणं आहे, गाठ लागत नाही, चामडीत फरक नाही, निप्पलमधून काही येत नाही, अशा बायकांची तपासणी केली तर १०० पैकी ९७-९८ जणींना किंवा त्याहून जास्त जणींना कॅन्सर नसतो. साधारण १० पैकी ७ बायकांना आयुष्यात कधी ना कधी स्तन दुखण्याचा त्रास होतो, म्हणजे न दुखणाऱ्याच कमी.

पण याची दुसरी बाजू जास्त महत्त्वाची आहे आणि ती कोणी सांगत नाही. स्तनाच्या कॅन्सरची गाठ सुरुवातीला बहुतेक वेळा दुखतच नाही. आपण मात्र उलटं वागतो, दुखलं की रात्रभर जागतो आणि गाठ हाताला लागली तर "दुखत नाही ना, मग असू दे, साधी असेल" म्हणून सहा-सहा महिने काढतो. तर कृपा करून हे डोक्यातून काढा. न दुखणारी नवीन गाठ ही दुखण्यापेक्षा आधी दाखवायची गोष्ट आहे.

माझं दुखणं कुठल्या प्रकारचं आहे हे घरच्या घरी कसं समजेल?

दोन गोष्टी लागतात, तारीख आणि बोट.

तारीख म्हणजे कॅलेंडरवर किंवा मोबाईलमध्ये रोज एक आकडा लिहायचा, ० म्हणजे अजिबात नाही आणि १० म्हणजे असह्य, आणि पाळी आली तो दिवस मार्क करायचा. दोन-तीन पाळ्या असं लिहिलं की चित्र आपोआप दिसतं. दर वेळी पाळीच्या आधी आकडा चढतोय आणि पाळी सुरू झाली की उतरतोय, तर ते पाळीशी जोडलेलं दुखणं. स्तन दुखण्यापैकी साधारण दोन तृतीयांश हेच असतं.

बोट म्हणजे दुखणारी जागा एका बोटाने दाखवता येते का ते बघायचं. पाळीचं दुखणं बोटाने दाखवता येत नाही, अख्खा तळहात फिरवून "इथे सगळं, काखेपर्यंत" असं सांगावं लागतं. एका बोटाने "अगदी इथेच" असं दाखवता आलं तर मग सिस्ट (पाण्याची पिशवी), जुना मार, बरगडी, स्नायू असलं काहीतरी शोधावं लागतं. डॉक्टर पण पहिल्यांदा हेच दोन प्रश्न विचारतात, फक्त आपल्याला तेव्हा तारीख आठवत नाही आणि आपण "असंच, कधीपण दुखतं" म्हणून मोकळ्या होतो.

पाळीच्या आधी ८-१० दिवस स्तन जड होतात, हात पण लावू देत नाही. हे नॉर्मल आहे का?

हो. महिन्याच्या मधे अंडं बाहेर पडलं की पुढचे दोन आठवडे शरीर गरोदरपणाच्या तयारीत असतं. इस्ट्रोजेनमुळे दुधाच्या नळ्या वाढतात, प्रोजेस्टेरॉनमुळे दूध तयार करणाऱ्या ग्रंथी फुगतात, आतल्या भागात पाणी साठतं, म्हणून स्तन भरल्यासारखे, जड आणि हुळहुळे होतात. गर्भ राहिला नाही की हार्मोन खाली येतात, पाळी येते आणि एक-दोन दिवसांत सगळं मऊ पडतं. दोन्ही बाजूंना, वरच्या बाहेरच्या भागात जास्त, काखेत आणि कधी दंडापर्यंत जाणवतं, कारण स्तनातल्या ग्रंथींचा सगळ्यात जास्त भाग तिकडेच असतो.

विशीपासून चाळिशीपर्यंत हे जास्त दिसतं. काहींना दोन दिवस थोडं जाणवतं आणि काहींना दोन आठवडे इतकं दुखतं की पालथं झोपता येत नाही, मूल येऊन बिलगलं तरी कळ येते. इतकं असेल तर "बायकांचं असंच असतं" म्हणून सहन करत बसू नका, त्याला उपाय आहेत, खाली लिहिलेत.

बऱ्याच जणी विचारतात की हार्मोनची ब्लड टेस्ट करू का. बहुतेक वेळा ती नॉर्मलच येते, कारण यात हार्मोन जास्त झालेले नसतात तर स्तनाचा भाग त्याच हार्मोनला जास्त संवेदनशील असतो. म्हणून निव्वळ पाळीच्या दुखण्यासाठी त्या टेस्टचा फारसा उपयोग होत नाही.

दोन्हीकडे दुखतं पण डावीकडे जास्त, असं का?

दोन्ही स्तन कधीच सारखे नसतात, एक थोडा मोठा असतो, एकात ग्रंथी जास्त असतात. त्यामुळे एका बाजूला जास्त दुखणं चालतं. एकाच बाजूला, एकाच जागी आणि पाळी संपली तरी तसंच राहिलं तर मात्र दाखवा.

गर्भाशय काढलंय, पाळी येत नाही, तरी महिन्यातून काही दिवस स्तन दुखतात. हे कसं शक्य आहे?

ऑपरेशनमध्ये बीजांडकोश ठेवले असतील तर ते त्यांचं काम चालूच ठेवतात, हार्मोनचं महिन्याचं चक्र फिरत राहतं, फक्त रक्तस्राव दिसत नाही. म्हणजे दुखणं पाळीचंच आहे, पाळी तेवढी नाही. इथे ती तारखांची वही खूप कामाला येते.

वय ४६, पाळी पुढेमागे होतेय आणि आता स्तन पूर्वीपेक्षा जास्त दुखतायत?

पाळी जायच्या आधीची काही वर्षं हार्मोन एका सरळ रेषेत खाली येत नाहीत, एका महिन्यात खूप वर आणि पुढच्यात एकदम खाली असे झोके घेतात, त्यामुळे आयुष्यात कधी स्तन दुखले नाहीत अशा बाईलाही या वयात त्रास होतो. पाळी कायमची गेली की पाळीशी जोडलेलं दुखणं थांबतं. पाळी जाऊन बरेच महिने-वर्षं झालीत आणि नव्याने दुखायला लागलं तर दोन गोष्टी बघायच्या, हार्मोनच्या गोळ्या किंवा पॅच चालू आहेत का, आणि दुखणं खरंच स्तनात आहे की बरगडीत. या वयात नवीन दुखणं आलं की एकदा तपासून घ्याच, वय वाढतं तसा कॅन्सरचा धोकाही वाढतो.

पाळी चुकली आहे आणि स्तन दुखतायत, प्रेग्नन्सी असू शकते?

असू शकते, घरी टेस्ट करा. कित्येक जणींना पाळी चुकायच्या आधीच स्तन भरलेले आणि निप्पल हुळहुळी वाटतात. पाळीच्या आधीचं दुखणं आणि हे अगदी सारखं वाटतं त्यामुळे नुसत्या दुखण्यावरून ओळखता येत नाही. पहिल्या ३ महिन्यांत जास्त त्रास असतो, मग हळूहळू कमी होतो.

कुठल्या औषधांमुळे असं होतं का?

होतं, आणि हे कारण सगळ्यात जास्त वेळा नजरेतून सुटतं. गर्भनिरोधक गोळ्या, मेनोपॉजनंतर दिलेली हार्मोन, मूल होण्यासाठी दिलेली औषधं ही तर सरळ कारणं झाली. पण डिप्रेशनची काही औषधं, मानसिक आजारावरची प्रोलॅक्टिन (दूध तयार करणारा हार्मोन) वाढवणारी काही औषधं, आणि स्पायरोनोलॅक्टोन, मिथाइलडोपा, डिगॉक्सिन ही बीपी-हृदयाची औषधं यांच्यामुळे पण स्तन दुखू शकतात. गर्भनिरोधक गोळी नवीन सुरू केली असेल तर पहिल्या २-३ महिन्यांत त्रास होऊन मग बरेचदा शांत होतो. नवीन औषध सुरू झालं ती तारीख आणि दुखणं सुरू झालं ती तारीख शेजारी लिहा. पण मनाने औषध बंद करू नका, विशेषतः हृदयाचं, बीपीचं आणि मानसिक आजाराचं. डॉक्टरांना सांगा, ते बदलून देतात किंवा डोस कमी करतात.

रिपोर्टमध्ये "फायब्रोसिस्टिक" लिहिलंय, मला काय झालंय?

हा शब्द वाचून माझी एक मैत्रीण दोन दिवस जेवली नव्हती. हा आजार नाही. हार्मोनच्या चढउतारामुळे स्तनात थोडे तंतू जाड होतात, थोड्या बारीक पाण्याच्या पिशव्या होतात, हाताला खडबडीत दाणेदार लागतं, आणि हे इतक्या जणींना असतं की याला रोग म्हणणं बंद केलंय.

त्यातली एखादी पाण्याची पिशवी मोठी झाली की तिला सिस्ट म्हणतात. ३५ ते ५० या वयात जास्त, गोल, मऊ किंवा पाणी भरलेल्या फुग्यासारखी घट्ट, पाळीच्या आधी मोठी होऊन दुखणारी. सोनोग्राफीत लगेच कळते. साधी सिस्ट असेल आणि त्रास नसेल तर काही करत नाहीत, ताण येऊन दुखत असेल तर सुईने पाणी काढतात आणि तिथल्या तिथे आराम पडतो.

फायब्रोअ‍ॅडिनोमा वेगळी. ती तरुण मुलींमध्ये, रबरासारखी, बोटाखालून निसटणारी गाठ, आणि ती बहुतेक वेळा दुखत नाही. कॅन्सर नसतो, पण हे आपण हाताने ठरवायचं नाही, सोनोग्राफी करायची.

बाळाला पाजतेय, एका बाजूला लाल झालंय, थंडी वाजून ताप आलाय. पाजणं बंद करू का?

नाही, बंद करू नका. या प्रश्नावर जरा सविस्तर लिहिते कारण बाळंतीण बाई आधीच थकलेली असते आणि तिला चारही बाजूंनी चार सल्ले मिळतात.

बाळंतपणानंतर तिसऱ्या ते पाचव्या दिवशी दूध दाटतं तेव्हा दोन्ही स्तन दगडासारखे होतात, ताप असलाच तर किंचित असतो. हे बाळ नीट ओढायला लागलं की काही दिवसांत आपोआप उतरतं. निप्पलला चिरा, पाजताना डोळ्यातून पाणी येईल अशी कळ, हे बहुतेक वेळा बाळाची पकड चुकल्यामुळे. बाळाच्या तोंडात नुसती निप्पल नाही तर भोवतीचा काळा भागही बराचसा गेला पाहिजे, हनुवटी स्तनाला टेकलेली पाहिजे. पकड सुधारली की दोन-तीन दिवसांत फरक दिसतो, मलम नुसतं लावून दिसत नाही.

मग येतो मॅस्टायटिस. स्तनाचा एक भाग पाचरीसारखा लाल, गरम, कडक, सोबत ताप आणि अंगदुखी, फ्लू झाल्यासारखं वाटतं. पहिल्या काही आठवड्यांत जास्त होतो. पूर्वी सगळे सांगायचे जोरात चोळा, गरम शेका, पंपाने पूर्ण रिकामं करा. आता स्तनपानाच्या डॉक्टरांच्या सूचना बदलल्यात, २०२२ पासून नेमकं उलट सांगतात. जोरात चोळल्याने आतली सूज आणि जखम वाढते, आणि जास्त पंप केल्याने शरीराला वाटतं अजून दूध हवंय म्हणून दूध अजून वाढतं. त्यामुळे बाळाला त्याच्या भुकेप्रमाणे नेहमीसारखं पाजायचं, पाजून झाल्यावर थंड शेक द्यायचा, सुजेसाठी आयब्युप्रोफेन किंवा तापासाठी पॅरासिटामॉल डॉक्टरांना विचारून घ्यायचं, आणि विश्रांती. (विश्रांती हा शब्द लिहिताना मला माहितीये की घरात दुसरं कोणी हातभार लावल्याशिवाय ती मिळत नाही, म्हणून हा परिच्छेद घरच्यांनाही वाचायला द्या.)

एका दिवसात उतार पडला नाही किंवा ताप वाढत गेला तर अँटिबायोटिक लागतं, ते पाजताना चालणारं देतात. ते दूध बाळाला बाधत नाही. एकदम पाजणं थांबवलं तर दूध साठून त्रास वाढतो. औषध चालू असूनही एक जागा कडक, ठसठसणारी राहिली तर आत पू झालेला असू शकतो, सोनोग्राफी करून सुईने काढतात. यात उशीर करू नका.

अजून एक, पाजून झाल्यावर निप्पल पांढरी पडते, मग निळसर, मग लाल आणि आग आग होते, थंडीत जास्त, तर ते रक्तवाहिन्या आवळल्यामुळे असतं. पाजून झाल्या झाल्या ऊब दिली की बरं वाटतं. बऱ्याचदा याला बुरशी समजून उगाच औषधं दिली जातात.

पाजत नाहीये, तरी निप्पलजवळ लाल, सुजलेलं आणि दुखरं झालंय?

निप्पलच्या मागच्या नळ्यांना सूज येऊन असं होतं, सिगारेट ओढणाऱ्या बायकांमध्ये जास्त आणि त्यांच्यात परत परत होतं, सिगारेट सोडल्याशिवाय ते पाठ सोडत नाही. उपचार अँटिबायोटिक, पू असेल तर काढणं.

मात्र एक गोष्ट नीट लक्षात ठेवा. स्तन काही आठवड्यांत भराभर लाल, गरम, सुजलेला झाला, चामडी संत्र्याच्या सालीसारखी छिद्रं पडल्यासारखी दिसायला लागली आणि अँटिबायोटिकचा कोर्स होऊनही तसंच राहिलं तर परत तेच औषध घेत बसू नका. कॅन्सरचा एक दुर्मिळ प्रकार असा सुजेच्या रूपात येतो, त्यात गाठ लागतेच असं नाही. तेव्हा इमेजिंग (सोनोग्राफी किंवा स्तनाचा एक्स-रे) आणि बायोप्सी (छोटा तुकडा काढून तपासणं) याबद्दल स्वतःहून विचारा.

दुखणं बरगडीचं आहे की स्तनाचं?

हे माझं स्वतःचं. कुशीवर झोपा म्हणजे स्तन एका बाजूला ओघळतो, आणि मग छातीच्या मधल्या हाडाच्या कडेला, जिथे बरगड्या येऊन मिळतात तिथे बोटाने दाबत या. दाबल्यावर "हीच ती कळ" असं झालं तर दुखणं बरगडीच्या कूर्चेचं आहे. खोल श्वास घेताना, खोकताना, कूस बदलताना, जड वस्तू उचलताना वाढतं. खूप दिवस खोकला झाला असेल, मूल सतत एका कडेवर असेल, नवीन व्यायाम सुरू केला असेल, तर छातीच्या स्नायूंना ताण बसून असं होतं. मानेच्या मणक्यातली नस दबली तरी कळ पुढे स्तनात उतरते. मला पेनकिलर, शेक आणि दोन महिने जड उचलणं बंद, एवढ्यावर बरं वाटलं, बाकी काही केलं नाही.

एका बाजूला चामडीवर आग होतेय, कपडा लागला तरी सहन होत नाही, दिसत काहीच नाही?

दोन-तीन दिवस थांबून आरशात बघत राहा, पाठीपासून पुढे एका पट्ट्यात बारीक फोड आले तर ती नागीण आहे. पुरळ यायच्या आधीच आग सुरू होते म्हणून सुरुवातीला कळत नाही. पुरळ दिसल्यापासून ७२ तासांच्या आत औषध सुरू झालं तर जास्त फायदा होतो, त्यामुळे फोड दिसले की त्याच दिवशी जा.

हार्टचं तर नसेल?

दाबल्यावर दुखतं, एका जागी दुखतं, पाळीप्रमाणे कमीजास्त होतं, तर ते हार्टचं असण्याची शक्यता कमी. पण जिना चढताना किंवा भरभर चालताना छातीवर दाब, आवळल्यासारखं, कळ डाव्या हातात, जबड्यात, पाठीत जाणारी, दम लागणं, घाम फुटणं, मळमळ, यातलं काही असेल तर स्तनाचा विचार बाजूला ठेवा आणि लगेच इमर्जन्सीत जा. बायकांमध्ये हार्ट अटॅक नुसती धाप, थकवा, मळमळ असाही येतो. अ‍ॅसिडिटी आणि पित्ताशयाचे खडे यांचं दुखणंही छातीकडे सरकतं, जेवणाशी त्याचा संबंध दिसतो.

स्तनावर चामडीखाली दोरीसारखं लागतंय आणि ओढल्यासारखं दुखतंय?

वरवरच्या शिरेत रक्त गोठून सूज आली की अशी दोरी लागते, हात वर केला की ताणलेली दिसते पण. याला मॉन्डर्स डिसीज म्हणतात. नाव मोठं आहे पण बहुतेक वेळा ४ ते ८ आठवड्यांत आपोआप जातं. तरी एकदा दाखवून घ्या.

मार लागला होता, तिथे आता गाठ आणि दुखणं आहे?

गाडीच्या सीटबेल्टचा जोरात झटका, पडणं, मुलाचं डोकं आपटणं, स्तनाचं ऑपरेशन, या सगळ्यानंतर तिथली चरबी मरून कडक गाठ होऊ शकते. कॅन्सरसारखीच लागते म्हणून इमेजिंग करावंच लागतं. मार लागल्याने कॅन्सर होत नाही, पण मार लागला म्हणून आपण हात लावतो आणि आधीपासूनची गाठ तेव्हा सापडते, असं मात्र होतं.

ब्रामुळे दुखतं का? तारेची ब्रा घातल्याने कॅन्सर होतो म्हणतात?

तारेच्या ब्रामुळे कॅन्सर होत नाही, हे निव्वळ पसरवलेलं आहे. पण चुकीच्या मापाच्या ब्रामुळे दुखतं, हे शंभर टक्के. आपल्यातल्या किती जणींनी लग्नाआधी जे माप घेतलं तेच दोन बाळंतपणांनंतर पण चालू ठेवलंय? पट्टा खांद्यात रुततोय, खालची पट्टी पाठीवर वर सरकतेय, कपमधून वर किंवा बाजूने बाहेर येतंय, तर माप चुकलंय. खरा आधार खालच्या पट्टीने द्यायचा असतो, खांद्याच्या पट्ट्यांनी नाही.

स्तन मोठे असतील तर त्यांचं वजन आतल्या तंतूंवर, मानेवर, खांद्यांवर येतं आणि धावताना ते नुसते वर-खाली नाही तर बाजूला पण हलतात. २००० साली आलेल्या एका अभ्यासात दुखणाऱ्या २०० बायकांपैकी निम्म्यांना स्पोर्ट्स ब्रा दिली आणि निम्म्यांना डॅनाझॉल नावाचं औषध. ब्रा वापरणाऱ्यांपैकी ८५ टक्के जणींना आराम पडला, औषधवाल्यांपैकी ५८ टक्के. म्हणून मी सगळ्यांना आधी ब्रा बदला म्हणते. दुखण्याच्या दिवसांत रात्री झोपताना पण मऊ, बिनतारेची ब्रा घालून बघा.

माझ्या ९ वर्षांच्या मुलीला एकाच बाजूला निप्पलखाली गाठ लागतेय आणि दुखतंय, मी खूप घाबरलेय.

ताई, घाबरू नका, ती वयात येतेय. ८ ते १३ या वयात स्तनांची कळी फुटते, ती बरेचदा आधी एकाच बाजूला येते आणि दुसरी काही महिन्यांनी. नाण्याएवढी, कडक, हुळहुळी असते. ती दाबून दाबून बघू नका, आणि कोणी कापून काढा म्हटलं तर अजिबात नाही, ती कळी काढली तर पुढे त्या बाजूचा स्तन वाढतच नाही. ८ वर्षांच्या आत सुरू झालं तर मुलांच्या डॉक्टरांना दाखवा. आणि मुलीला तिच्या भाषेत सांगून ठेवा काय होतंय ते, ती तुमच्यापेक्षा जास्त घाबरलेली असते.

चहा-कॉफी बंद करू का? प्रिमरोज ऑइलच्या कॅप्सूल घेऊ का?

चहा-कॉफी सोडून फरक पडतो हे अभ्यासांत ठामपणे दिसलेलं नाही. एक-दोन महिने कमी करून बघा, तुम्हाला बरं वाटलं तर चांगलंच, नाही वाटलं तर उगाच जीव मारू नका. इव्हनिंग प्रिमरोज ऑइल आणि व्हिटॅमिन ई खूप लिहून दिलं जातं, पण खोट्या गोळीशी तुलना केली तेव्हा त्यांचा वेगळा फायदा दिसला नाही. काही जणींना आराम वाटतो कारण पाळीचं दुखणं पुष्कळदा काही महिन्यांनी आपणहून कमी होतं आणि श्रेय कॅप्सूलला जातं.

मग खरा उपाय काय?

पहिला उपाय तपासून घेणं. ऐकायला विचित्र वाटेल पण "काही वाईट नाहीये" हे डॉक्टरांकडून नीट कळल्यावर बहुतेक जणींना पुढे औषध लागतच नाही. दुखणं तेवढंच असतं पण भीती गेलेली असते.

दुसरा ब्रा. तिसरा डायक्लोफेनॅक जेल, दुखऱ्या जागी चोळायची, पोटात गोळी जात नाही त्यामुळे पोटाचा त्रास कमी. पाजत असाल किंवा गरोदर असाल तर आधी विचारा. चौथा, दुखण्याच्या दिवसांपुरतं पॅरासिटामॉल किंवा आयब्युप्रोफेन. अल्सर, किडनीचा त्रास किंवा गरोदरपण असेल तर आयब्युप्रोफेन स्वतःहून घेऊ नका.

इतकं करूनही महिनोन्‌महिने रोजचं काम अडत असेल तर टॅमॉक्सिफेन कमी डोसमध्ये किंवा डॅनाझॉल देतात. ही हलकी औषधं नाहीत. टॅमॉक्सिफेन चालू असताना गर्भ राहता कामा नये, डॅनाझॉलने वजन वाढणं, चेहऱ्यावर केस, आवाज जाड होणं असं होऊ शकतं. म्हणून स्पेशालिस्टच्या देखरेखीखाली आणि थोड्याच काळासाठी.

टेन्शनमुळे दुखतं का?

टेन्शन आणि अपुऱ्या झोपेने दुखणं जास्त जाणवतं, हे खरं. पण कोणी तपासायच्या आधीच "टेन्शन घेऊ नका" म्हणून परत पाठवलं तर ते ऐकू नका, दुसरीकडे दाखवा.

कुठल्या तपासण्या करतात?

आधी हाताने तपासणी. दोन्हीकडे पसरलेलं, पाळीसोबत येणारं जाणारं दुखणं असेल आणि हाताला काही लागलं नाही तर पुढे फोटो काढायची गरज बहुतेक वेळा नसते. एकाच जागी सतत दुखत असेल किंवा गाठ असेल तर ३० च्या आत सोनोग्राफी, ४० च्या पुढे मॅमोग्राम (स्तनाचा एक्स-रे) आणि लागली तर सोनोग्राफी, मधल्या वयात डॉक्टर ठरवतात. तरुण वयात स्तन घट्ट असतो आणि मॅमोग्राममध्ये नीट दिसत नाही म्हणून आधी सोनोग्राफी. मॅमोग्राममध्ये स्तन दोन प्लेटमध्ये काही सेकंद दाबतात, थोडं दुखतं, पाळी संपल्यावरच्या आठवड्यात केलं तर बरंच कमी दुखतं.

कधी अजिबात थांबायचं नाही?

नवीन गाठ, दुखणारी असो वा नसो. काखेत गाठ. चामडी आत ओढली जाणं, खळगा पडणं, संत्र्याच्या सालीसारखी दिसणं. निप्पल नव्याने आत जाणं. निप्पलमधून रक्त किंवा आपोआप, एकाच बाजूने येणारं पाण्यासारखं काही. निप्पलवर खपली, खाज, न भरणारी जखम. जवळच्या नात्यात आई, बहीण, मावशी, आत्या यांना स्तनाचा किंवा बीजांडकोशाचा कॅन्सर झाला असेल तर ते स्वतःहून सांगा, वडिलांकडचे नातेवाईक पण मोजायचे, हे बऱ्याच जणींना माहीत नसतं.

डॉक्टरकडे जायची लाज वाटते, पुरुष डॉक्टर असले तर?

मला पण वाटत होती. स्त्रीरोगतज्ज्ञ किंवा सर्जन, दोघांपैकी कोणालाही दाखवता येतं. लेडी डॉक्टर मिळाल्या तर बरं, नाही मिळाल्या तर तपासताना नर्सला किंवा सोबत आलेल्या बाईला आत थांबवा, ते मागणं तुमचा हक्क आहे आणि चांगले डॉक्टर स्वतःच नर्सला बोलावतात. पुढून उघडणारा कपडा घाला. तारखांची वही, चालू असलेल्या गोळ्यांची पाकिटं, जुने रिपोर्ट बरोबर न्या. आणि तिथे गेल्यावर "छातीत दुखतंय" म्हणू नका, "स्तन दुखतोय, इथे" असं म्हणून बोट ठेवा. मी पहिल्यांदा छाती म्हणाले तर माझा ईसीजी काढला आणि मी तो नॉर्मल रिपोर्ट घेऊन घरी आले, खरं काय ते सांगायला परत जाईपर्यंत अजून दीड महिना गेला.